प्रोस्टेटच्या कर्करोगातली जनुक चाचणी: नमुना पाठवण्यापासून रिपोर्ट वाचण्यापर्यंत

जनुक चाचणीचा रिपोर्ट हातात आला की बहुतेक जण पहिल्या पानावरची एकच ओळ वाचतात: अमुक जनुकात म्युटेशन, म्हणजे बिघाड, सापडलं किंवा सापडलं नाही. एवढ्यावर ना औषध ठरतं, ना घरच्यांना काय सांगायचं ते ठरतं. त्यासाठी आणखी दोन गोष्टी कळाव्या लागतात. हा बिघाड जन्मापासून सगळ्या शरीरात आहे की फक्त गाठीत? आणि त्या जनुकाच्या दोन्ही प्रती गेल्या की एकच? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळणं बऱ्याच अंशी नमुना कसा घेतला आणि कसा पाठवला यावर अवलंबून असतं. म्हणून इथे सुरुवात नमुन्यापासून करून मग रिपोर्टकडे वळलो आहोत. रुग्णाचे नातेवाईक, तालुक्याच्या गावी काम करणारे डॉक्टर आणि पॅथॉलॉजीतले विद्यार्थी, तिघांनाही उपयोग व्हावा अशी मांडणी आहे.

आधी थोडं मूळ समजून घेऊ. ट्यूमर सप्रेसर जनुकं म्हणजे पेशीचे ब्रेक आणि दुरुस्ती खातं. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात. एक प्रत बिघडली तरी दुसरी काम सांभाळते. दुसरीही गेली की ब्रेक सुटतो. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली लहान मुलांच्या डोळ्यांतल्या कर्करोगाचा अभ्यास करून ‘दोन घावां’ची ही कल्पना मांडली. ती ज्या जनुकाला पुढे लागू पडली ते आरबी१ प्रोस्टेटच्या कर्करोगातही महत्त्वाचं आहे. जन्मजात बिघाड असलेल्या माणसात पहिला घाव जन्मतःच बसलेला असतो. इतरांमध्ये दोन्ही घाव आयुष्यात कधीतरी, प्रोस्टेटच्या एखाद्या पेशीत बसतात.

प्रोस्टेटमध्ये वारंवार दिसणारी नावं अशी: पीटीईएन (बोलताना सगळे ‘पीटेन’च म्हणतात), टीपी५३, आरबी१, आणि डीएनए दुरुस्त करणारी बीआरसीए२, बीआरसीए१, एटीएम, पालबी२, चेक२, सीडीके१२. यांशिवाय डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका सुधारणारी एमएसएच२ आणि एमएसएच६. नुकत्याच सापडलेल्या, प्रोस्टेटपुरत्या आजारात पीटेन साधारण सहा रुग्णांमागे एकात गेलेलं असतं आणि टीपी५३ मधला बिघाड त्याहून कमी दिसतो. आजार पसरून हार्मोनच्या उपचारांनाही दाद देईनासा झाला की चित्र पालटतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-युरोपातल्या एका अभ्यासात अशा १५० रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा टीपी५३ निम्म्या रुग्णांत, पीटेन सुमारे ४० टक्क्यांत आणि बीआरसीए२ सुमारे १३ टक्क्यांत बिघडलेलं आढळलं. म्हणजे पाच वर्षांपूर्वीच्या बायोप्सीत ‘काही नाही’ असं आलं असेल, तरी आजार बदलल्यावर पुन्हा तपासायला जागा असते.

चाचणी कोणाची करायची

आजार हाडांत, यकृतात किंवा दूरच्या लिम्फ गाठींत पसरला असेल तर जन्मजात बिघाडासाठी रक्ताची आणि गाठीची, अशा दोन्ही चाचण्या कराव्यात. इथे वय किंवा घराण्यातला इतिहास बघत बसू नये. २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात पसरलेल्या आजाराच्या ६९२ पुरुषांपैकी ११.८ टक्के जणांत डीएनए दुरुस्तीच्या जनुकांत जन्मजात बिघाड निघाला. एकट्या बीआरसीए२ चा वाटा ५.३ टक्के होता, आणि यातल्या बऱ्याच जणांच्या घरात कर्करोगाचा ठळक इतिहास नव्हता. आजार प्रोस्टेटपुरताच असला तरी ग्लीसन (गाठ किती आक्रमक दिसते त्याचा गुण) ८ ते १० असेल, पीएसए (प्रोस्टेटमध्ये बनणारं, रक्तात मोजलं जाणारं प्रथिन) २० च्या वर असेल, गाठ आवरणाबाहेर गेली असेल, लिम्फ गाठींत शिरली असेल किंवा बायोप्सीत ‘इंट्राडक्टल’ (नलिकांच्या आत वाढलेला) हा शब्द असेल, तर निदान जन्मजात चाचणी तरी करावी.

घराण्याचा इतिहास विचारायची आपल्याकडची पद्धत मात्र बदलायला हवी. प्रोस्टेट पुरुषांचा, म्हणून वडील, काका आणि आजोबा यांची चौकशी होते आणि आजोळ राहून जातं. बीआरसीए२ आईकडूनही तितक्याच सहज येतं. आईच्या घरात मामा कमी आणि मावश्या जास्त असतील तर ते प्रोस्टेटच्या रूपात दिसणारच नाही. स्तनाच्या किंवा बीजांडकोशाच्या कर्करोगाच्या रूपात दिसेल. ‘घरात कोणाला कॅन्सर होता का’ या प्रश्नाला पुष्कळदा ‘नाही’ असंच उत्तर येतं, कारण जुन्या पिढीत आजाराचं नाव घेतलंच जात नसे. त्याऐवजी असं विचारा: कोणा बाईच्या छातीत गाठ होऊन ती काढली होती का? पाळी गेल्यानंतर कोणाच्या पोटाला पाणी झालं होतं का? कोणाची ‘पिशवी काढली’ आणि तरीही ती वर्षभरात गेली, असं झालं का? उतारवयात कोणी पुरुष न उतरणारी कावीळ होऊन गेला का? यात बीजांडकोश आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे धागे सापडतात. आत्या, मावशी आणि चुलत-मावस बहिणींची नावं, आजार आणि तेव्हाचं अंदाजे वय कागदावर लिहून न्या. पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग झालेली एक जवळची नातेवाईकसुद्धा महत्त्वाची ठरते. पुरुषाला झालेला स्तनाचा कर्करोग तर त्याहूनही महत्त्वाचा.

कोणता नमुना, कशासाठी

जन्मजात बिघाडासाठी जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत ३ ते ५ मिलिलिटर रक्त पुरतं. उपाशी राहायची गरज नाही. लाळ देणार असाल तर आधीचा अर्धा तास खाणं, पिणं, तंबाखू आणि चूळ भरणं टाळा. रुग्णाला पूर्वी दुसऱ्याची अस्थिमज्जा दिली असेल तर त्याच्या रक्तात दात्याचा डीएनए असतो. तेव्हा रक्त आणि लाळ दोन्ही निरुपयोगी ठरतात आणि त्वचेचा छोटा तुकडा लागतो. फॉर्मवर ही गोष्ट लिहायला विसरू नका.

गाठीतल्या बिघाडासाठी पहिली पसंती बायोप्सीच्या पॅराफिन ब्लॉकला, म्हणजे मेणात बसवून ठेवलेल्या तुकड्याला. ब्लॉक ही रुग्णाची वस्तू आहे. ज्या लॅबमध्ये बायोप्सी तपासली तिथे लेखी अर्ज दिला की मिळते. सोबत मूळ पॅथॉलॉजी रिपोर्टची प्रत आणि शक्य असल्यास एक रंगवलेली स्लाइड घ्या. ब्लॉक देत नसतील तर न रंगवलेल्या, ४ ते ५ मायक्रॉन जाडीच्या साधारण १० स्लाइड मागा.

तिसरा मार्ग म्हणजे रक्तात तरंगणारा गाठीचा डीएनए, ज्याला ‘लिक्विड बायोप्सी’ म्हणतात. यासाठी वेगळ्या, पेशी न फुटू देणाऱ्या द्रवाच्या नळ्या लागतात. सहसा १० मिलिलिटरच्या दोन. नळ्या भरल्यावर हळूच आठ-दहा वेळा उलट-सुलट करायच्या, जोरात हलवायच्या नाहीत. त्या फ्रिजमध्ये ठेवू नयेत, बर्फावरही ठेवू नयेत. नेहमीच्या ईडीटीए नळीत हे रक्त घेतलं तर काही तासांतच प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) वेगळा काढावा लागतो. नाहीतर पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा डीएनए मिसळतो आणि गाठीचा थोडासा डीएनए त्यात बुडून जातो. कुरिअरने एक दिवस प्रवास केलेली साधी ईडीटीए नळी या कामाला चालत नाही.

लिक्विड बायोप्सीत वेळेला फार महत्त्व आहे. हार्मोनचं इंजेक्शन सुरू होऊन पीएसए झपाट्याने उतरलेला असताना रक्तात गाठीचा डीएनए जवळजवळ नसतो. तेव्हा काढलेल्या रक्तात ‘म्युटेशन आढळलं नाही’ असं आलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. उपचार सुरू होण्याआधी किंवा आजार पुन्हा वाढू लागल्यावर, पुढचं औषध सुरू करण्यापूर्वी रक्त काढावं.

ब्लॉक का वाया जातो

ओलापॅरिब या औषधाच्या प्रोफाउंड नावाच्या जागतिक चाचणीत चार हजारांहून अधिक पुरुषांच्या गाठी तपासल्या गेल्या. त्यातल्या सुमारे ३० टक्के नमुन्यांतून निष्कर्षच निघाला नाही. हे नियोजनबद्ध संशोधनातलं प्रमाण आहे. रोजच्या कामात नुकसान होतं ते बहुतेक खालच्या कारणांनी, आणि यातलं बरंचसं टाळता येतं.

बायोप्सीचे धागे (सुईने काढलेले बारीक तुकडे) काढल्याबरोबर १० टक्के बफर केलेल्या फॉर्मॅलिनमध्ये जायला हवेत. बाजारात मिळणाऱ्या ३७ ते ४० टक्के द्रावणाचा एक भाग आणि बफरचे नऊ भाग, असं ते बनतं. काही ठिकाणी तुकडा सलाइनच्या बाटलीत टाकून संध्याकाळच्या गाडीने पाठवतात. सलाइनमध्ये पेशी मरतच राहतात, डीएनएचे तुकडे होतात. काही ठिकाणी उलट, पातळ न केलेलं किंवा बफर नसलेलं फॉर्मॅलिन वापरतात. ते आम्ल होत जातं आणि डीएनएला चिरे पडतात. द्रव तुकड्याच्या किमान दहापट असावा. फॉर्मॅलिनमधला काळ ६ तासांहून कमी आणि ७२ तासांहून जास्त नको. शनिवारी दुपारी काढलेली बायोप्सी मंगळवार संध्याकाळपर्यंत बाटलीतच पडून राहते तेव्हा हीच मर्यादा ओलांडली जाते. म्हणून बायोप्सीचा दिवस आठवड्याच्या सुरुवातीचा ठेवा.

हाडाच्या बायोप्सीचा प्रश्न वेगळा आणि मोठा. प्रोस्टेटचा कर्करोग सगळ्यात जास्त हाडांतच पसरतो आणि हाड कापण्याआधी त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं. त्यासाठी नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलं तर हाड काही तासांत मऊ होतं आणि डीएनए जवळपास संपतो. ईडीटीए या सौम्य रसायनाने कॅल्शियम काढायला दिवस लागतात, पण डीएनए शाबूत राहतो. हाडाची बायोप्सी ठरली की सुई घालण्याआधीच लॅबला फोन करून सांगायचं: ‘जनुक चाचणीसाठी आहे, ॲसिड वापरू नका.’ लिम्फ गाठ किंवा यकृतातली गाठ हाताला लागण्यासारखी असेल तर हाडापेक्षा ती बरी.

मग गाठीच्या पेशींचं प्रमाण. बहुतेक पॅनेलना (अनेक जनुकं एकत्र तपासणाऱ्या चाचण्यांना) तुकड्यात निदान २० टक्के पेशी कर्करोगाच्या लागतात. बारा धाग्यांपैकी दोनच धाग्यांत आजार असेल आणि चुकून तिसराच ब्लॉक पाठवला, तर निकाल ‘निगेटिव्ह’ येईल आणि तो खोटा असेल. कोणत्या ब्लॉकमध्ये गाठ सर्वाधिक आहे ते पॅथॉलॉजिस्टकडून ब्लॉकच्या क्रमांकासह लिहून घ्या. स्लाइडवर त्या भागाभोवती पेनने खूण करून दिली तर उत्तम. पॅथॉलॉजीतल्या विद्यार्थ्यांना इथे आग्रहाने सांगावंसं वाटतं: लहानशा बायोप्सीवर एकामागून एक इम्युनोचे (ठरावीक प्रथिनं दाखवणारे) रंग लावून ब्लॉक संपवू नका. निदानाला लागतील तेवढेच रंग लावा आणि पहिल्यांदा ब्लॉक कापतानाच दहा कोऱ्या स्लाइड बाजूला काढून ठेवा. ब्लॉक पुन्हा मशीनवर चढवला की पातळी साधेपर्यंत काही ऊती वायाच जाते.

ब्लॉक जितका जुना तितका डीएनए तुटका. दहा वर्षांपूर्वीच्या ब्लॉकवर भिस्त ठेवू नये. प्रवासाचंही भान हवं: पॅराफिन ५५ ते ६० अंशांना वितळतं आणि विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे तेवढं तापमान सहज होतं. ब्लॉक झिप पिशवीत घालून डब्यात ठेवा, गाडीत समोर ठेवू नका.

फॉर्म भरताना

एकाच वेळी गाठ आणि रक्त दोन्ही पाठवणं सगळ्यात चांगलं. दोन्हींची तुलना झाली की जन्मजात आणि गाठीपुरता हा फरक लॅबलाच सांगता येतो. खर्चामुळे एकच करायची वेळ आली, तर पसरलेल्या आजारात ब्लॉक नवा असल्यास आधी गाठीची करावी. गाठीच्या चाचणीत जन्मजात बिघाडही बहुधा दिसतो, फक्त तो जन्मजात आहे हे सिद्ध होत नाही. ब्लॉक जुना किंवा जेमतेम असेल तर आधी रक्ताची.

पॅनेल निवडताना लॅबला दोनच गोष्टी विचारा. वर दिलेली सगळी जनुकं पूर्णपणे वाचली जातात का, की काही ठरावीक ठिकाणंच? आणि ‘कॉपी नंबर’, म्हणजे जनुकाची अख्खी प्रत गळाली आहे का, ते पाहिलं जातं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर ते पॅनेल प्रोस्टेटसाठी अपुरं आहे. पीटेन आणि आरबी१ या रोगात जास्त करून डीएनएचं एखादं अक्षर बदलून नव्हे, तर तुकडाच्या तुकडा गळून जातात. आरबी१ आणि बीआरसीए२ दोन्ही तेराव्या गुणसूत्रावर, एकमेकांपासून फार लांब नाहीत, त्यामुळे कधीकधी एकाच गळतीत दोन्ही जातात.

चाचणीआधी रुग्णाशी बोलणं हा औपचारिकतेचा भाग नाही. निकालात मुलाबाळांविषयी काही निघू शकतं, ते त्याला जाणून घ्यायचं आहे का, आणि तो हयात नसताना निकाल आला तर कोणाला सांगायचा, हे तिघांनी मिळून ठरवावं: रुग्ण, घरचं एक माणूस आणि समुपदेशक. तपासणी होऊन रिपोर्ट यायला सर्वसाधारणपणे तीन-चार आठवडे लागतात. तोपर्यंत हार्मोनचा उपचार थांबवायचा नसतो.

रिपोर्ट उघडल्यावर

सगळ्यात आधी नमुन्याची माहिती पाहा: गाठीचं प्रमाण किती टक्के, आणि वाचनाची खोली, म्हणजे प्रत्येक ठिकाण किती वेळा वाचलं. गाठ १० टक्के लिहिलेली असेल आणि खाली ‘काही आढळलं नाही’ असेल, तर त्या रिपोर्टवर कोणताही निर्णय घेऊ नका. तो निकाल नव्हे, चाचणी फसल्याची पावती आहे.

नंतर वर्गवारी पाहा. २०१५ पासून जगभर पाच पायऱ्यांची पद्धत रूढ आहे: पॅथोजेनिक (बाधक), लाइकली पॅथोजेनिक (बहुधा बाधक), व्हीयूएस, लाइकली बिनाइन (बहुधा निरुपद्रवी) आणि बिनाइन (निरुपद्रवी). पहिल्या दोन पायऱ्यांवरच उपचार किंवा कुटुंबाची तपासणी ठरते. व्हीयूएस म्हणजे बदल दिसतो आहे, पण तो बाधक आहे की निरुपद्रवी याचा पुरावा आज नाही. भारतीयांच्या रिपोर्टमध्ये व्हीयूएस जास्त निघतात, कारण जगातल्या संदर्भसाठ्यांत आपल्या लोकांचे जनुकसंच कमी आहेत. जो बदल आपल्याकडे सर्रास असेल तो तिथे अनोळखी दिसतो. व्हीयूएसवर औषध सुरू करू नये, बहिणीचे स्तन किंवा बीजांडकोश काढायला सांगू नये आणि ‘खानदानी दोष’ म्हणून घरात जाहीरही करू नये. वर्ष-दोन वर्षांनी लॅबला पुन्हा वर्गवारी तपासायला सांगा. पुरावा जमतो तसे यातले बरेच बदल निरुपद्रवी ठरतात.

बदलाचं नाव सांकेतिक वाटतं, पण ते वाचता येतं. ‘सी’ने सुरू होणारा भाग डीएनएवरची जागा सांगतो आणि ‘पी’ने सुरू होणारा त्यातून बनणाऱ्या प्रथिनातला बदल. बीआरसीए१ मधलं ‘सी.६८_६९डेलएजी’ घ्या: ६८ आणि ६९ व्या जागेवरची ए आणि जी ही दोन अक्षरं गळाली. डीएनए तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचला जातो. दोन गळाली की पुढचं सगळं वाचन सरकतं आणि प्रथिन अर्धवट राहतं. हा बदल अश्केनाझी ज्यूंमधला म्हणून प्रसिद्ध असला तरी दक्षिण भारतातल्या कुटुंबांतही सापडतो. असं सरकणं रिपोर्टमध्ये ‘एफएस’ने आणि वाचन मध्येच थांबणं ‘टर’ किंवा फुलीसारख्या ताऱ्याने दाखवतात. दोन्ही बहुधा गंभीर असतात. टीपी५३ मधलं ‘आर१७५एच’ वेगळ्या जातीचं आहे: १७५ व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन आलं. एकच अक्षर बदललं, पण नेमकं मोक्याच्या जागी.

आता सर्वांत उपयोगाचा आकडा, व्हीएएफ. त्या ठिकाणच्या एकूण वाचनांपैकी किती टक्क्यांत बदललेली प्रत दिसली, हे तो सांगतो. गणित करून पाहू. गाठीचं प्रमाण ६० टक्के आहे असं धरा. शंभर पेशींत ६० कर्करोगाच्या, ४० निरोगी. प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती, म्हणजे एकूण २००.

बदल फक्त गाठीत आणि एकाच प्रतीत असेल तर २०० पैकी ६० प्रती बदललेल्या: व्हीएएफ ३० टक्के. बदल गाठीत आहे आणि दुसरी, चांगली प्रत गळाली आहे असं धरलं तर गाठीच्या पेशींत एकेकच प्रत उरली. एकूण प्रती ६० अधिक ८०, म्हणजे १४०. त्यातल्या ६० बदललेल्या: सुमारे ४३ टक्के. बदल जन्मजात असेल आणि गाठीत दुसरी प्रत शाबूत असेल तर बरोबर ५० टक्के. जन्मजात आणि दुसरी प्रत गळालेली असेल तर १४० पैकी १००, म्हणजे सुमारे ७१ टक्के.

४३ आणि ५० हे आकडे किती जवळ आहेत ते पाहा. म्हणून फक्त गाठीची चाचणी झाली असताना व्हीएएफ ४० ते ६० च्या दरम्यान दिसला की ‘जन्मजात आहे’ किंवा ‘नाही’ असा अंदाज बांधू नका. रक्ताची किंवा लाळेची चाचणी करूनच ठरवा. आणि बीआरसीए२ मध्ये बाधक बदल कोणत्याही टक्क्याने दिसला तरी जन्मजात चाचणी कराच. दुसरी प्रत गेली की नाही ते शोधायला रिपोर्टमध्ये ‘एलओएच’, ‘होमोझायगस डिलीशन’ किंवा ‘बायअलेलिक’ हे शब्द पाहा. कॉपी नंबरचा तक्ता बहुधा मागच्या पानांवर असतो आणि तिथपर्यंत फारसं कोणी जात नाही. पीटेन गेल्याची बातमी अनेकदा तिथेच पडून असते.

रक्तातून येणारा फसवा निकाल

लिक्विड बायोप्सीत एटीएम, चेक२ किंवा टीपी५३ चा बदल दोन-चार टक्क्यांनी दिसला तर लगेच विश्वास ठेवू नका. वय वाढतं तशा अस्थिमज्जेतल्या काही पेशींत स्वतःचे बदल साचतात. त्याला ‘चिप’ म्हणतात. तो प्रोस्टेटचा कर्करोग नव्हे. पण त्या रक्तपेशींचा डीएनएही प्लाझ्मात असतो, आणि बदल नेमके याच जनुकांत होतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात प्रोस्टेटच्या सुमारे दहा टक्के रुग्णांत डीएनए दुरुस्तीच्या जनुकांतला असा रक्तपेशींमधला बदल गाठीचा म्हणून खपून गेला असता. त्यावर महागडी गोळी सुरू झाली असती आणि फायदा शून्य. उपाय साधा आहे: त्याच नळीतल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या वाचून तुलना करायची. लॅबला थेट विचारा, ‘पांढऱ्या पेशींचा कंट्रोल लावता का?’

लिक्विड बायोप्सीची दुसरी मर्यादा गळतीची. गाठीचा डीएनए थोडा असेल तर अक्षरबदल सापडतो, पण जनुक गळालेलं आहे हे निरोगी डीएनएच्या गर्दीत दिसत नाही. पीटेन, आरबी१ किंवा बीआरसीए२ च्या गळतीबद्दल रक्ताचा ‘निगेटिव्ह’ अंतिम मानू नका.

कोणत्या निकालाचं काय करायचं

बीआरसीए२ आणि बीआरसीए१ मध्ये बाधक बदल, त्यातही दोन्ही प्रती गेलेल्या: इथे चाचणीचा सर्वांत मोठा फायदा होतो. पॅर्प हे प्रथिन रोखणारी औषधं (ओलापॅरिब त्यांतलंच) पेशीची डीएनए दुरुस्तीची एक वाट बंद करतात. बीआरसीए गेलेल्या पेशीची दुसरी वाट आधीच बंद असते, म्हणून ती मरते. निरोगी पेशी एका वाटेवर निभावून नेते. प्रोफाउंड चाचणीत बीआरसीए१, बीआरसीए२ किंवा एटीएमचा बदल असलेल्या गटात ओलापॅरिबवर आजार सरासरी ७.४ महिने आटोक्यात राहिला, तुलनेच्या गटात ३.६ महिने. हे सगळे रुग्ण आधी एन्झालुटामाइड किंवा ॲबिराटेरोन या हार्मोन उपचाराच्या गोळ्या घेऊन पुढे आलेले होते. प्लॅटिनम गटाची केमोही या गाठींवर चांगली चालते.

ओलापॅरिबचा नेहमीचा डोस ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. किडनी मध्यम प्रमाणात कमी काम करत असेल तर तो २०० वर आणतात. हार्मोनचं इंजेक्शन चालूच राहतं. दर महिन्याला रक्ताची तपासणी हवीच, कारण हिमोग्लोबिन उतरणं हा सर्वांत जास्त दिसणारा त्रास आहे. कित्येकांना रक्त चढवावं लागतं. मळमळ पहिल्या काही आठवड्यांत जास्त असते. आपल्याकडे एक गोष्ट खास सांगावी लागते: गजकर्णासाठी दुकानातून आणलेल्या इट्राकोनॅझोलच्या गोळ्यांनी ओलापॅरिबचं रक्तातलं प्रमाण वाढतं. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकनेही तेच होतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही घेऊ नका.

एटीएमच्या बदलात पॅर्प औषधांचा फायदा बराच कमी दिसतो. अमेरिकेत २०२० मध्ये ओलापॅरिबला जनुकांच्या लांब यादीसाठी परवानगी मिळाली, युरोपने ती बीआरसीए१ आणि २ पुरती ठेवली. आमचं मत युरोपच्या बाजूने झुकतं: केवळ एटीएम किंवा चेक२ वर ही गोळी सुरू करण्याआधी बाकीचे पर्याय संपलेत का ते पाहावं. सीडीके१२ बद्दलही तसंच.

एमएसएच२ किंवा एमएसएच६ गेलेलं असेल आणि रिपोर्टमध्ये ‘एमएसआय हाय’ (नक्कल होतानाच्या चुका खूप साचल्याची खूण) लिहिलं असेल तर पेम्ब्रोलिझुमॅबसारखी रोगप्रतिकार जागवणारी औषधं कामी येऊ शकतात. असे रुग्ण थोडे, शंभरात तीनच्या आसपास, पण काहींना दीर्घकाळ गुण येतो. घरात आतड्याचे किंवा गर्भाशयाच्या अस्तराचे कर्करोग आहेत का, हेही इथे विचारायचं.

पीटेन गेलं की एकेटी नावाची वाढीची यंत्रणा मोकाट सुटते. इम्युनोच्या रंगाने पीटेन तपासता येतं आणि ते स्वस्तही पडतं. फक्त त्याच स्लाइडवरच्या निरोगी ग्रंथींना रंग चढला आहे ना, ते आधी पाहावं. निरोगी ग्रंथीही कोऱ्या असतील तर रंग फसला आहे, जनुक गेलेलं नाही. पीटेन गमावलेल्या, नव्याने पसरलेल्या आजारात हार्मोन उपचारांच्या जोडीला एकेटी रोखणारं कॅपिव्हासर्टिब दिल्यावर आजार वाढायला अधिक वेळ लागला, असं मोठ्या चाचणीत दिसलं आहे. पुरळ, जुलाब आणि साखर वाढणं हे त्याचे त्रास. मधुमेह असलेल्यांनी हा मुद्दा डॉक्टरांपुढे आधीच मांडावा.

टीपी५३, पीटेन आणि आरबी१ या तिघांपैकी दोन किंवा तिन्ही गेलेले असतील तर गाठीची वागणूक बदलते. यावर नेमकं औषध नाही, पण पाळत कशी ठेवायची ते बदलतं. अशी गाठ कधीकधी पीएसए बनवणंच सोडते आणि यकृतात पसरते. पीएसए १ च्या आत आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ठरावीक अंतराने स्कॅन करावा आणि वजन घटलं, भूक गेली किंवा लिव्हरचे आकडे वाढले तर नव्याने बायोप्सी करावी. इथे डॉक्टर प्लॅटिनमच्या केमोचा विचार करतात.

जन्मजात निघालं तर घरी

बाधक बदल जन्मजात असेल तर रुग्णाच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला तो असण्याची शक्यता ५० टक्के. भावा-बहिणींनाही तितकीच. बीआरसीए२ असलेल्या पुरुषाने चाळिशीपासून दरवर्षी पीएसए करावा आणि तो ३ च्या वर गेला की युरॉलॉजिस्टला दाखवावं. प्रोस्टेटपुरता आजार सापडला तरी ‘नुसतं लक्ष ठेवू’ हा पर्याय बीआरसीए२ असताना फार जपून निवडावा. या गाठी वेगाने वाढतात. पण घरात सर्वांत जास्त जीव वाचतात ते बायकांचे. बीआरसीए२ असलेल्या स्त्रीला ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या जवळपास आणि बीजांडकोशाचा १७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सत्तर वर्षांच्या काकांच्या रिपोर्टवरून पस्तिशीतल्या पुतणीची एमआरआय तपासणी ठरू शकते. लग्न झालेल्या मुली आणि बहिणी ‘सासरच्या’ झाल्या म्हणून त्यांना सांगायचं राहतं. त्यांना आधी सांगा.

नातेवाइकांना पूर्ण पॅनेल करायची गरज नसते. रुग्णात सापडलेला तोच एक बदल तपासायचा, आणि ते पुष्कळ स्वस्तात होतं. त्यासाठी मूळ रिपोर्टची प्रत लागते. ‘बीआरसीए होतं’ एवढं तोंडी सांगून लॅबला काही करता येत नाही. जन्मजात चाचणीच्या रिपोर्टच्या प्रती काढून प्रत्येक भावंडाला एकेक द्या.

मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न करण्याची चाल ज्या घरांत आहे, तिथे आणखी एक गोष्ट. नवरा-बायको दोघांकडे बीआरसीए२ किंवा पालबी२ ची बिघडलेली प्रत असेल तर मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता दर गरोदरपणात चारात एक असते. त्यातून फॅन्कोनी ॲनिमिया हा बालपणीच रक्त आणि कर्करोगाचे प्रश्न आणणारा आजार होऊ शकतो. एटीएमच्या बाबतीत तोल आणि हालचाल बिघडवणारा ॲटॅक्सिया टेलँजिएक्टॅसिया होतो. अशा नात्यातलं लग्न झालेलं असेल किंवा ठरत असेल तर दोघांचीही चाचणी गरोदरपणाच्या आधी व्हावी.

अठरा वर्षांखालच्या मुलांची बीआरसीएसाठी चाचणी करू नये. त्या वयात करण्यासारखा उपाय काही नसतो, आणि जाणून घ्यायचं की नाही हे त्यांचं त्यांनी मोठं झाल्यावर ठरवायचं असतं. रुग्णाच्या रिपोर्टची एक प्रत मात्र त्यांच्या नावाने, जन्माच्या दाखल्यासोबत ठेवून द्या.